सब्बल मारली का?

लडाखमधल्या एका फॉरवर्ड पोस्टवर आमच्या इंजिनीअर कंपनीकडे हेलिपॅड, बारा शेल्टर आणि तिथवरचा रस्ता एवढं काम होतं. मी हवालदार. डोझरवर नाईक सुधाकर मेश्राम. तो सिलतऱ्याचा, मी बुढापाऱ्याचा. अख्ख्या कंपनीत रायपूरचे आम्ही दोघंच. कामावरही आम्ही घरची मराठीच बोलायचो आणि बाकीचे हसायचे.

हेलिपॅडच्या एका बाजूला खोल नाला होता. डोझर काठावर भराव ढकलतो तेव्हा ऑपरेटरला ब्लेडपुढची जमीन दिसत नाही. त्याला दिसेल असा बाजूला गाइड उभा असतो, त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर मशीन पुढे येतं. प्रत्येक फेरीआधी गाइडनं काठावर सब्बल, म्हणजे पहार, मारून बघायची. टणक लागली तर जमीन गोठलेली, रुतली तर सुटलेली. सुधाकर या बाबतीत भारी किरकिऱ्या. दर फेरीला विचारायचा आणि उत्तर मिळाल्याशिवाय गिअर टाकत नसे. मला कधीकधी त्याचा वैताग यायचा.

त्या दिवशी थंडीनं डिझेल गोठलं. डोझर सुरू व्हायला साडेदहा वाजले. एरवी काठाचं काम आम्ही अकराला बंद करायचो, कारण नंतर उन्हानं भराव मऊ पडतो. त्या दिवशी चालूच ठेवलं. साडेबाराला सुभेदारसाहेब रेडिओवर आले.

"कल आठ बजे ट्रायल लँडिंग है. पॅड कब मिलेगा?"

"दो बजे, साब."

"पक्का?"

"पक्का, साब."

शब्द मी दिला. त्यांनी जबरदस्ती केली नव्हती, हे इथे स्पष्ट लिहितो.

एक चाळीसला शेवटची फेरी उरली. सब्बल मागे वीस पावलांवर दगडाला टेकवलेली होती. त्या उंचीवर वीस पावलं जाऊन यायचं म्हणजे छाती भरून येते. सकाळी तोच काठ मी ठोकून पाहिला होता. मी कंटाळा केला.

"दादा, सब्बल मारली का?"

"हव. ये तू."

तो आला. डाव्या ट्रॅकखालचा भराव खचला आणि डोझर सुधाकरसकट नाल्यात गेला. आम्ही खाली पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी बरोबर आठला हेलिकॉप्टर उरलेल्या पॅडवर उतरलं. त्यातून पहिला सुधाकर गेला.

चौकशीत मी खरं सांगितलं. शिक्षा झाली, ती भोगली. पण त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, सांगायची हिंमत झाली नाही. निवृत्तीनंतर दरवर्षी त्या तारखेला मी सिलतऱ्याला जातो, त्याच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतो. वहिनी दरवर्षी विचारायच्या, "भाऊ, थे शेवटी काय बोलले?"

"काही नाई, वहिनी. टाइमच नव्हता."

यंदा सांगितलं. सब्बलीसकट सगळं. मान वर करायची लाज वाटत होती.

वहिनी फोटोकडे पाहत म्हणाल्या, "घरी बी थे असेच विचारत. ग्यास बंद केला का, म्हनून. मी बी न पाह्यताच हव म्हनो."

एवढं बोलून त्या उठल्या, आत गेल्या आणि गॅस बंद आहे का ते पाहून आल्या.