बंपरला नवं भोक नाही

काशीक्षेत्री, भागीरथीच्या पश्चिम तीरी, गॅरेजच्या पत्र्याच्या छपराखाली, हजर असलेला मिस्त्री, मुलगा, सून आणि बाकड्याखाली झोपलेलं एक कुत्रं यांच्या साक्षीनं सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे, की या मोटारीच्या पुढच्या बंपरला यापुढे एकही नवं भोक पडणार नाही.

घोषणा माझ्या सासऱ्यांची. जन्मभर दशाश्वमेध घाटावर छत्रीखाली लाकडी चौकी मांडून महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना संकल्प सांगितलेला माणूस. घरात नुसतं "पंखा लाव" म्हणाले तरी हातात पळी घेऊन उभं राहावंसं वाटतं. आत्ताही उजवा तळवा पाणी घेतल्यासारखा पसरलेला होता आणि डावा बंपरवर घट्ट टेकलेला होता. मिस्त्रीच्या हातात ड्रिल होतं आणि तोंडात पान. पान सांडू नये म्हणून हनुवटी आभाळाकडे करून तो म्हणाला, "बाबूजी, दू मिनट क काम हौ. पुराना छेद ढीला हो गया है, बगल में नया मार देते हैं."

"मार देते म्हणे! जिवंत गाडी आहे ती," सासरे माझ्याकडे बघून म्हणाले. चिडले की ते फक्त मराठीत चिडतात. समोरच्याला कळलं नाही तरी त्यांची हरकत नसते.

गाडी मूळची पुण्याची. माझा भाऊ मुलीकडे परदेशी राहायला गेला आणि जाताना ती आम्हाला देऊन गेला. बनारसच्या आमच्या गल्लीत एमएच पाटीची पांढरी गाडी आली तेव्हा सासऱ्यांनी तिला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पाटीकडे इतका वेळ बघत राहिले, की मला वाटलं नंबरची बेरीज करतायत.

त्यांचं घाटावर जाणं तोवर सुटलं होतं. गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी पायऱ्यांना सक्त मनाई केली होती. घाट म्हणजे पायऱ्याच, तेव्हा मनाई एकूण आयुष्यालाच झाली म्हणायची. घरात मराठी बोलायला मी आणि नवरा. त्यात नवऱ्याचं बँकेतून आल्यावर बोलणं म्हणजे "हं". नात लाडाची, पण तिच्या तोंडी "आजोबा, आप भी ना!" यापलीकडे मराठी जात नाही. आणि ज्या माणसानं रोज सांगली-सोलापूर-अकोल्याच्या लोकांशी पाऊसपाणी, सोयरिकी आणि कांद्याचे भाव बोलत दिवस काढले, तो खिडकीशी बसून कबुतरांना मराठीतून हाकलत असे.

मग ती पाटी कामाला लागली.

संध्याकाळी मी त्यांना गाडीतून पूल ओलांडून रामनगरला न्यायची. किल्ल्यासमोर गाडी लावायची आणि लस्सी प्यायची, एवढाच बेत. पण तिथे महाराष्ट्रातल्या गाड्या येतात. लोक उतरले की आमची पाटी बघून थेट खिडकीशी. "काका, तुम्ही कुठले?" सासरे सावकाश काच खाली करायचे. "इथलाच. पूर्वज वाईचे." झालं! तासभर निश्चिंती. साबुदाण्याची खिचडी कुठे मिळेल इथपासून मुलाचं लग्न जमत नाही इथपर्यंत सगळं त्या खिडकीतून आत यायचं. एका बाईंनी त्यांना लसणाची चटणी दिली, कोणी भडंग दिलं. एका अख्ख्या कुटुंबाला ते जेवायलाच घेऊन आले आणि मी साडी खोचून पिठलं टाकलं. घरी परतताना ते पुलावर गुणगुणत असत.

माझा आगाऊ स्वभाव. एकदा मी म्हटलं, "बाबा, लोकांनी विचारायची वाट कशाला बघता? एमएचची गाडी दिसली की आपणच हाक मारायची."

त्यांनी माझ्याकडे मी पिंडाला लाथ मारल्यासारखं बघितलं. "आपल्या घराण्यात यात्रेकरूला हाक मारत नाहीत. घाटावर शेजारचे 'या इकडे, या इकडे' करायचे. माझ्या वडिलांनी नाही केलं, मी नाही केलं. येणारा आपण होऊन येतो."

पण गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायमची राहायला आली की नंबरही इथला घ्यावा लागतो. आम्ही टाळता येईल तेवढं टाळलं. शेवटी नवऱ्यानं कागद केले, यूपी पासष्टच्या, म्हणजे बनारसच्या नंबरच्या, दोन चकचकीत पाट्या आल्या आणि आम्ही त्या छपराखाली येऊन उभे राहिलो.

मागच्या पाटीला काही अडचण आली नाही, ती पत्र्यावर बसली. पुढची बसायची होती प्लास्टिकच्या बंपरवर. आधी जुनी काढायची, तर तिचे खिळे एकदा बसले की न निघणारे, त्यांची डोकी ड्रिलनं उडवावी लागतात. ड्रिल घसरलं की रंगावर ओरखडा. मी पाटी आणि बंपर यांच्यामध्ये सरकवायला काहीतरी पातळ आणि चिवट शोधत होते. मागच्या सीटच्या खिशात सासऱ्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे सापडला. तो सरकवला. ड्रिल खरोखर घसरलं आणि गुडघ्याच्या वाटीवर जाऊन थांबलं. रंगाला काही झालं नाही.

"चला," सासरे म्हणाले, "गुडघा कुठेतरी उपयोगी पडला."

मग मिस्त्रीला शहाणपण शिकवायला आम्ही तिघंही वाकलो. जुन्या भोकांतल्या, खिळा धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या गुट्ट्या झिजल्या होत्या म्हणून खिळा ढिला बसत होता. नवं भोक कशाला? त्या उपटून जरा जाड गुट्ट्या ठोकल्या की झालं. भोकाभोवती मी कागदी चिकटपट्टी लावली. बंपर ओल्या फडक्यानं पुसला, कारण पाटीमागे कण अडकला तर गाडी चालताना तोच रंग खरवडतो. नवऱ्यानं शेजारच्या सायकलवाल्याकडून फाटकी ट्यूब आणली, तिच्या चकत्या कापून पाटीमागे ठेवल्या, म्हणजे पाटी खडखडणार नाही. सासरे वरून सूचना करत होते. "डावीकडे वर आहे. नाही, आता उजवीकडे. थांब, श्वास घे."

मिस्त्रीनं पान थुंकून तोंड मोकळं केलं. "ई गाड़ी हौ कि बिटिया क बियाह?"

मला वाटत होतं म्हातारबुवा रंगासाठी जीव टाकतायत. तेवढ्यात ते माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "भोकं तीच राहिली ना?"

"तीच, बाबा."

"म्हणजे जुनी पाटी पुन्हा बसेल."

मी मान वर केली. "पुन्हा कशाला?"

"कायमची नाही गं. संध्याकाळपुरती. पूल ओलांडला की लावायची, परत येताना काढायची."

सत्तरी ओलांडलेला, गावभर ज्याच्या पाया पडतात असा माणूस, मला गुन्ह्यात सामील करून घेत होता. एरवी मी अशा संधीची वाट बघत असते. पण त्यांचा चेहरा बघून मला कळलं. बंपर जपायचा तो रंगासाठी नव्हे, "काका, तुम्ही कुठले?" एवढ्यासाठी.

"पोलीस धरतील, बाबा," मी म्हटलं. "दशाश्वमेधचे गुरुजी बनावट पाटीसकट."

उत्तर द्यायला ते तोंड उघडत होते, तेवढ्यात मिस्त्रीनं जुनी पाटी पायाखाली घेऊन नियमाप्रमाणे मधोमध दुमडली आणि पत्र्याच्या ढिगात फेकली. कुत्रं दचकून उठलं. सासरे जाऊन गाडीत बसले. नवी पाटी इतकी सरळ बसली होती, की मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

त्यानंतर रामनगर सुकलं. गाडी तीच, जागा तीच, लस्सीवर साय तेवढीच. महाराष्ट्रातले लोक यायचे, आमच्या गाडीला वळसा घालायचे आणि लस्सीवाल्याला मोडक्या हिंदीत खिचडीचं विचारायचे. सासरे काच खाली करून बसायचे. मग हळूहळू काच वरच राहायला लागली. मी सुचवलं, मागच्या काचेवर 'या, मराठीत बोलू' असं चिकटवू. "मी काय दुकान आहे?" म्हणाले. एके दिवशी अर्धी लस्सी ठेवून म्हणाले, "उद्यापासून नको येऊ या. तुला उगाच तेल जाळायला लागतं." ते मला जास्त लागलं. तेलाचा हिशोब त्यांनी जन्मात केला नव्हता.

तरी मी दुसऱ्या दिवशी त्यांना बळंच काढलं. ऊन तिरकं होतं, आमच्या पुढच्या काचेवर नुसती चमक, आत कोण बसलंय ते बाहेरून दिसत नव्हतं. मी लस्सीच्या दुकानाशी उभी होते. एवढ्यात एमएचची एक मिनीबस आमच्या गाडीसमोर मागे मागे येऊ लागली. मागच्या खिडकीतून एक नऊवारीतल्या आजी अर्ध्या बाहेर येऊन ड्रायव्हरला दिशा देत होत्या. "येऊ दे, येऊ दे, लई जागा हाय!"

जागा मुळीच नव्हती. बसचा मागचा लोखंडी बार सरळ आमच्या पुढच्या पाटीवर निघाला होता. माझ्या हातात लस्सीचे दोन मातीचे कुल्हड, तोंडात साय. मला ओरडताही येईना.

आणि बंद काचेआडून, ज्या घराण्यात कोणी कधी यात्रेकरूला हाक मारली नाही त्या घराण्याचा आवाज फुटला. घाटावर आरतीच्या गर्दीतही पलीकडच्या नावेपर्यंत जायचा तो आवाज.

"अहो थांबा! थांबा म्हणतो ना! पाटी चेपेल माझी! डावीकडे घ्या, डावीकडे!"

बस गचकन थांबली, वीतभर अंतरावर. आजींनी आधी आमच्या नव्याकोऱ्या यूपी पासष्टकडे पाहिलं. मग रिकाम्या दिसणाऱ्या चमकत्या काचेकडे. मग बसमध्ये तोंड घालून किंचाळल्या:

"अगं बया! यूपीची गाडी मराठीत वरडली गं!"