अ‍ॅम्पची मुकी बाजू आणि माझा डावा कान

आधी माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर असतील आणि अक्षर तर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर पेनाचं काम पडलं ते सहीपुरतं. तुमच्या या पानावर लोकांचे अनुभव येतात ते मी डबा खाताना वाचते. बरेचदा हसूच यायचं... पांढरी साडी, उलटे पाय वगैरे. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आम्ही मूळचे जालन्याकडचे, बौद्ध. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची हे वडिलांनी घरात येऊ दिलं नाही आणि मीही माझ्या घरात येऊ दिलं नाही. तरी आज लिहायला बसले आहे. छापणार असाल तर माझं नाव घालू नका. मी लिहिते आहे हे कामावर कोणाला माहीत नाही.

मी मुलुंडला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात कामाला आहे. दुसरा मजला, खाली खोकी बनवण्याचं काम, शेजारी पत्रा कापायचं मशीन. आमचे शेठ पूर्वी नुसते ट्रान्सफॉर्मर बनवायचे. आता काही वर्षं हेडफोनचे व्हॉल्व्हवाले अ‍ॅम्प बनवतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — गाणं लावायचं यंत्र आणि हेडफोन यांच्या मधला हा डबा, आवाजाला ताकद देणारा. त्यात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह असतात. ते तापले की आतली तार लालसर पेटते आणि मग हळूहळू आवाज येतो. शौकीन लोक याला भरपूर पैसे मोजतात. त्यातले ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळते. केसासारखी तांब्याची तार, एका थरावर दुसरा थर, मध्ये कागद. रेखा म्हणून माझ्याहून लहान एक बाई आहे, ती सोल्डरिंग करते. बाकीचं शेठ.

आता माझ्या कानाबद्दल. डावा कान लहानपणीच फुटला. सारखा वाहायचा. कोणी कोमट तेल घातलं, कोणी कसल्या पाल्याचा रस. चौथीत बाई काय बोलतात ते कळेना, शाळा तिथेच सुटली. मुंबईत आल्यावर मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, नस गेली आहे, मशीन लावूनही उपयोग नाही. गाळ्यात सगळ्यांना हे माहीत आहे. माझ्याशी बोलायचं तर माणूस माझ्या उजवीकडे येतो. रेखाचं टेबलही उजवीकडेच ठेवलंय. माझी मुलगी लहान होती तेव्हा झोपायचीसुद्धा उजव्या बाजूला, नाहीतर तिचं रडणं मला ऐकू यायचं नाही.

झालं असं, बोरिवलीचे एक साहेब अ‍ॅम्प बघायला आले. बँकेतून रिटायर झालेले, शर्टाला कडक इस्त्री. शेठनी तीन अ‍ॅम्प शेजारी-शेजारी मांडले आणि साहेब एकेक ऐकत बसले.

पहिला काळा, जाड लोखंडाचा. साहेब म्हणाले, "हा अगदी मिक्सरसारखा दिसतो हो."

"मिक्सर?" शेठना लागलं ते. "पाडून बघा साहेब. लादी फुटेल, याला काही होणार नाही."

"आवाजही तसाच आहे. दणकट. पण गाणारे-वाजवणारे सगळे एका खोलीत कोंबल्यासारखे वाटतात."

दुसरा ॲल्युमिनियमचा, बारीक, चकचकीत, व्हॉल्व्ह जाळीच्या आत. साहेबांनी हात लावला तर बोटं उमटली. "आवाज स्वच्छ आहे," ते म्हणाले, "पण दवाखान्यासारखा स्वच्छ."

तिसऱ्याला दोन्ही बाजूंना सागवानाच्या फळ्या, वर उघडे गोल व्हॉल्व्ह, पितळेचं जड बटण — फिरवलं की लोण्यातून फिरल्यासारखं फिरतं. साहेबांनी हेडफोन लावला आणि डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "गाणारी बाई समोर येऊन बसली की हो."

शेठ खूश. "त्या व्हॉल्व्हची जोडी जुनी आहे साहेब, आता कुठे मिळत नाही. असा दुसरा मी करूनही देऊ शकणार नाही."

साहेबांनी तिथल्या तिथे सगळे पैसे दिले. आठवडाभर चालवून बघतो, मग घेऊन जा, असं शेठनी सांगितलं. त्या आठवड्यात शेठ रोज सकाळी तो ऐकायचे. डावी-उजवी दोन्ही बाजू व्यवस्थित होत्या. हे लक्षात ठेवा.

नेण्याच्या आदल्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, रेखा मला म्हणाली, "ताई, जन्मभर दुसऱ्यांसाठी लाडू वळतेस. एक खाऊन तरी बघ!"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"शेठ, बघा ना, ताईने आजवर एकदाही ऐकलं नाहीये."

शेठ हसले. "खरंच की. बसा मावशी. उजव्या कानाने ऐका आणि सांगा, तिन्हींत फरक कळतो का."

मला लाज वाटत होती, पण बसले. एका गाणाऱ्या बाईंचं गाणं लावलं होतं, मागे तंबोरा आणि तबला. काळ्या अ‍ॅम्पवर वाटलं, शेजारच्या घरात कोणी गातंय. ॲल्युमिनियमवाल्यावर तबल्याची बोटं मोजता आली असती. आवाज अर्थात उजव्या कानातच. माझं सगळं जग उजवीकडेच असतं, त्यात नवीन काही नव्हतं.

मग तिसरा. व्हॉल्व्ह पेटायला लागले, आधी काहीच नाही, मग उजवीकडून गाणं वर आलं. छान वाटत होतं, मऊ. आणि अचानक डाव्या कानात काहीतरी उघडलं. पहिल्यांदा वाटलं मुंगी शिरली. मग वारा. आणि मग ती गाणारी बाई उजव्या कानातून निघाली आणि माझ्या कपाळाच्या मधोमध येऊन उभी राहिली. तबला एका बाजूला, तंबोरा दुसऱ्या बाजूला... दुसऱ्या बाजूला!

मी ओरडले. हेडफोन काढून फेकला. शेठनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"करंट लागला का मावशी? कुठे लागला?"

"करंट नाही..." मी डाव्या कानाला हात लावला. "ह्या कानात बाई गातेय."

रेखाने माझ्या डाव्या कानाजवळ टाळी वाजवली. काही नाही. जेवणाचा डबा वाजवला. काही नाही. शेठनी समजावलं, हेडफोन डोक्याला घट्ट बसतो, आवाज हाडातून उजव्या कानाकडे जातो, म्हणून भास होतो. मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. पण संध्याकाळपर्यंत माझ्या हातून तार तुटत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब अ‍ॅम्प घेऊन गेले आणि रात्रीच त्यांचा फोन आला. डावी बाजू मुकी आहे.

पुढच्या दिवशी सकाळी साहेब रिक्षातून डबा घेऊन हजर. चिडलेले. मी चहा दिला तर कपाला हातसुद्धा लावला नाही. रेखा माझ्या कानाशी पुटपुटली, "मिजास बघ." शेठनी हेडफोन लावला, केबल बदलली, दुसरा हेडफोन लावला. डावीकडे काहीच नाही. मीटर लावला, डाव्या बाजूला काटा हलायला तयार नाही.

"परवा सकाळपर्यंत चालू होता," शेठ म्हणाले. "नंतर कोणी हात लावला?" आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडे वळली.

नोकरी गेली असंच मला वाटलं. मी म्हटलं, "शेठ, मी फक्त ऐकलं. परवा दुपारी. डाव्या बाजूने."

साहेबांना काही कळेना. रेखाने त्यांना माझ्या कानाची सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "उलटा घातला असेल यांनी. डावीकडचा उजवीकडे." ते शक्यच होतं, म्हणून शेठनी स्वतःच्या हाताने मला हेडफोन सुलटा घातला. गाणं लावलं. व्हॉल्व्ह तापले... आणि बाई पुन्हा कपाळाच्या मध्ये. मी नुसती मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते दुःखाचं नव्हतं, भीतीचं होतं.

"थांबा," साहेब म्हणाले. "बँकेत मी खूप खोटं पकडलंय." ते फोन घेऊन जिना उतरून खाली अंगणात गेले, पत्र्याच्या मशीनच्या आवाजात काहीतरी बोलून, फोनमध्ये रेकॉर्ड करून आले. शेठनी ते बोलणं फक्त डाव्या बाजूला जाईल असं करून घेतलं, न ऐकता. आधी साहेबांनी हेडफोन लावून बघितलं: काही नाही. शेठ: काही नाही. रेखा: काही नाही. मीटरचा काटा शून्यावर. मग मी लावला.

मशीनची घरघर आली. मग साहेबांचा आवाज. तो आवाज आला ती बाजू माझ्यासाठी चाळीस वर्षांहून जास्त काळ भिंत होती.

मी हेडफोन काढला आणि म्हटलं, "साहेब, तुम्हाला मधुमेह आहे हे मला माहीत नव्हतं. मघाशी गोड चहा दिला. बिनसाखरेचा करते."

साहेब उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता की रेखाने त्यांना खुर्ची पुढे केली. "मी हेच बोललो होतो," ते म्हणाले. "माझ्या चहात साखर घालू नका, मला मधुमेह आहे. हेच बोललो होतो हो..."

मी चहा करायला उठलेच नाही. मग साहेब म्हणाले, "शेठ, मला हा नको. मी एकटाच ऐकत बसतो घरात. मला याची भीती वाटेल. पैसे परत करा."

"दुरुस्त करून देतो ना!"

"दुरुस्त केलात तरी नको."

शेठ घाम पुसत म्हणाले, "पैसे व्हॉल्व्हमध्ये आणि लाकडात गेले साहेब. हा दुरुस्त करून दुसऱ्या कोणाला विकला तरच तुमचे पैसे निघतील." आणि त्यांनी पाना-पेचकसाचा डबा ओढला.

मी आयुष्यात कोणापुढे आवाज चढवला नाही. तेव्हा चढला. "उघडू नका!"

शेठ थांबले. "मावशी, काहीतरी आत सुटलंय. उघडल्याशिवाय कळणार कसं?"

"कळून काय करायचंय? उघडलात आणि परत होता तसा जोडलात, तर मला ऐकू येईल? सांगता येईल तुम्हाला?"

काय बिघडलंय हेच त्यांना माहीत नव्हतं, मग काय जपायचं हे तरी कसं कळणार! पण ते म्हणाले, "मावशी, मला गाळ्याचं भाडं भरायचंय. तुम्हीच सांगा मी काय करू."

त्यांचं खरं होतं. मी म्हटलं, "उघडा. पण आधी एकदा मला माझ्या मुलीचा आवाज ऐकू द्या." माझी मुलगी लग्न होऊन नाशिकला असते. रोज फोनवर बोलून पाठवते. शेठनी त्यातलं एक बोलणं डाव्या बाजूला टाकलं. आता माझ्याशिवाय खोलीतल्या कोणालाच ते ऐकू येणार नव्हतं.

"आई, जेवलीस का? आज मी भरली वांगी केली. तुझ्यासारखी नाही झाली. हसू नको."

मी तिला त्या कानाने कधीच ऐकलं नव्हतं. ती जन्मली तेव्हापासून ती माझ्या एकाच बाजूला होती. आता दुसरीकडून बोलत होती, इतकी जवळ, की मी मान वळवून बघितलं. तिथे भिंत होती आणि भिंतीवर तारेची रिळं.

मी काय बोलले मला आठवत नाही. रेखा नंतर म्हणाली, तू "हसत नाही गं, हसत नाही" एवढंच म्हणत होतीस. शेठनी पेचकस हातात धरला होता. तो त्यांनी हत्यारांच्या डब्यात ठेवला आणि डबा बंद केला.

"हप्त्याने चालेल का साहेब?" त्यांनी विचारलं.

"चालेल," साहेब म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मी म्हटलं, माझ्या पगारातून कापा. शेठ नाही म्हणाले. रेखा म्हणाली, "कापा हो शेठ, नाहीतर ही रोज तोंड पाडून बसेल, मला बघवणार नाही." मग अर्धे त्यांचे, अर्धे माझे असं ठरलं.

तेव्हापासून शेठनी खूप जणांना विचारलं. अंधेरीचे एक इंजिनियर येऊन मीटर लावून गेले, डाव्या बाजूला काहीच निघत नाही म्हणाले. मी पुन्हा कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या मशीनवर माझा डावा कान पूर्वी होता तसाच, मेलेला. शेठनी तसाच दुसरा अ‍ॅम्प, मिळतील ते व्हॉल्व्ह घालून बनवला; ट्रान्सफॉर्मर मीच गुंडाळले. दिसायला जुळा भाऊ. त्यावर मला फक्त उजवीकडून ऐकू येतं. दोन मुक्या गोष्टी एकत्र आल्या तर बोलतात कशा, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. भूत म्हणावं तर त्याने मला काही त्रास दिला नाही. भास म्हणावा तर साहेबांचा चहा आठवतो.

दुपारी डबा खाऊन झाला की मी तो लावते. व्हॉल्व्ह लाल व्हायला लागतात, आवाज अजून आलेला नसतो. तेवढ्या वेळात दर वेळी मी डाव्या कानावरचा हेडफोन हाताने दाबून धरते. अजूनही. आज येईल की नाही, मला माहीत नसतं.

अ‍ॅम्पचा डबा कोणी उघडलेला नाही. गेल्या महिन्यात शेठनी शेवटचा हप्ता पाठवला आणि साहेबांचा फोन आला — सगळे पैसे मिळाले.