ओलं फडकं

शिल्पकलेच्या वर्गात सामान देण्याघेण्याचं काम माझ्याकडे आहे. कोणी काय नेलं ते मला ठाऊक असतं. वर्गाला येणाऱ्या एका मासळीवालीनं एकेक करून सगळं नेलं आणि परत केलं. जांभा दगड परत देताना म्हणाली, "ह्याला भोकंच भोकं. देवीचे वण पडल्यासारखा दिसेल तो." लाकूड तिला हट्टी वाटलं. शाडूच्या मातीवर मात्र हात बसला. बाजारात मासा दाबून बघावा, तशी ती माती दाबून घ्यायची.

ती घडवत होती तो चेहरा तिच्या मुलाचा होता. तो मासेमारीच्या बोटीवर गेला आणि परत आला नाही. शरीरही सापडलं नाही. मातीला तडे जाऊ नयेत म्हणून ती रोज मासळी विकून झाली की यायची, त्या डोक्याभोवती ओलं फडकं गुंडाळायची आणि म्हणायची, "गप ऱ्हा हां आता."

शेवटी शिकवणारे सर म्हणाले, "साचा घेऊ या. माती टिकत नाही."

"मग ह्या मातीचं काय होतं?"

"ती साच्यातून खरवडून काढावी लागते. पण प्लॅस्टरचा चेहरा कायम राहील."

तिनं फडकं सोडवलं आणि हो म्हणाली.

चेहरा हुबेहूब उतरला. घरी न्यायला मी खोका आणला. तिनं त्या गालावर बोट दाबलं. "बाई, ह्यात बोट जात नाही ओ."

मग तिनं खरवडलेली माती गोळा केली, फडक्यात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसली.

प्लॅस्टरचा चेहरा तिनं नेलाच नाही, तो माझ्या कपाटात आहे. ती अजून वर्गाला येते. आल्याआल्या आधी त्या मातीचं फडकं ओलं करते.