राखेवर उमटलेली लाल रेघ

अकोल्याच्या एका मिस्त्रीनं मला फसवलं. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सची खालची, तेलाची परात उघडून पॅकिंग बदललं असं त्यानं सांगितलं, आणि ती परात त्यानं उघडलीच नव्हती. हे आधीच लिहून टाकतो. पुढं मी महादेवाच्या कृपेबद्दल लिहिणार आहे, आणि कृपा झाली म्हणून फसवणूक मिटली असं कोणी समजू नये.

माझा चादरी-सतरंज्यांचा धंदा आहे. सायकलच्या कॅरिअरवर गठ्ठा बांधून सुरुवात केली. आज अमरावतीत स्वतःचं दुकान आहे, तरी धामणगावच्या, नांदगाव पेठेच्या बाजाराला मीच जातो, आणि भाव करण्यात मला अजून कोणी हरवलेलं नाही. एका अपघातानंतर डाव्या पायातला जोर गेला. क्लच दाबता येईना. पोरं म्हणाली, बाबा, आता गल्ल्यावर बसा. मी बसलो नाही. क्लच नसलेली, ऑटोमॅटिक गिअरची जुनी व्हॅन शोधून आणली आणि पुन्हा बाजार धरले. ही गाडी गेली की माझं फिरणं संपलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा केली. बायकोनं तेलात कालवलेला शेंदूर पुढच्या बंपरला जरा जास्तच लावला. त्यानंतर रोज सकाळी अंगणातल्या फरशीवर, गाडीच्या तोंडाखाली, लाल थेंब दिसू लागले. आम्ही समजलो, शेंदूर ओघळतो आहे. देवाचं म्हणून त्यावर पाय पडू नये, इतकीच काळजी बायको घ्यायची, आणि धुऊन टाकायची. गिअरबॉक्सचं तेलही लालच असतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. गाडी चढावर उचल घेईना, तेव्हा कुठं डोळे उघडले. तोवर महिना गेला होता.

अशा गिअरबॉक्सचं काम जाणणारा माणूस अकोल्यात आहे असं कळलं, म्हणून तिकडं नेली. पॅकिंग बदललं म्हणून त्यानं गाडी परत दिली. आठ दिवसांत पुन्हा गळती. परत गेलो तर तो म्हणाला, "गिअरबॉक्सच खतम हाय, काकाजी. भंगारात काढा. भंगाराच्या भावानं मीच घेतो, तुमची आब राहीन." माझा संताप झाला, पण आतून मी घाबरलो होतो. त्याच दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, कोणी सांगितलेल्या भावावर मी घासाघीस केली नाही. विचार करतो म्हणालो आणि निघालो.

बायकोनं माझ्या पायासाठी महादेवाला रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या आगीत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, नवस बोलला होता. बार्शीटाकळीच्या पुढं शेतात ते ठाणं आहे. तेलाचा डबा सोबत घेऊन, वाटेत दोनदा तेल भरत, आम्ही कसेबसे तिथं पोचलो. मी देवापुढं उभा राहिलो तोही सौदा करायलाच. गाडी नीट कर, दुप्पट रोडगे घालतो, असं मनातल्या मनात सांगितलं. उत्तर आलं नाही. बाहेर येऊन पुढची चाकं बांधावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि अधू पाय ओढत गाडीखाली शिरलो. सगळं लाल आणि ओलं. कुठून गळतं हे काही कळेना.

शेजारी एक अनोळखी म्हातारी दुसऱ्या कुटुंबाचे रोडगे गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजत होती. ती वाकून म्हणाली, "भाऊ, सगळंच ओलं हाय, त्यात काय दिसन तुमाले?"

"बाई, ही गाडी हाय, कढई नाही."

"मंग कढईच समजा. कढई गळली की आमी पुसून कोरडी करतो अन् बाहेरून राख फासतो. जिथं पह्यले ओली झाली, तिथं भोक."

मी गप्प. बायको म्हणाली, "ऐका ना. दुसऱ्याचं ऐकलं की तुमाले कमीपणा येते का?"

म्हातारीनं जगऱ्यातली विझलेली पांढरी राख टोपल्यात भरून दिली. मी फडक्यानं सगळं पुसून काढलं. पुसता पुसताच परातीचे बोल्ट दिसले. त्यांच्या खाचांत जुनी माती दगडासारखी बसलेली होती. त्यांना पाना लागलेलाच नव्हता. मग पुढून मागपर्यंत राख फासली, बाहेर आलो आणि इंजिन चालू केलं. काही वेळानं बंद करून पुन्हा खाली शिरलो. गिअरबॉक्स कोरडा होता. पार पुढं, तेल थंड करायला रेडिएटरकडं जाणाऱ्या रबरी नळीच्या टोकाशी, राखेवर एक बारीक लाल रेघ उमटली होती. चालत्या गाडीत तेच तेल वाऱ्यानं मागं जाऊन गिअरबॉक्सवर बसत होतं.

नळी गार होऊ दिली, तिचं चिरलेलं टोक विळ्यानं कापलं, पुन्हा चढवून क्लिप आवळली. हे मी माझ्या हातांनी केलं, आणि याचा मला अभिमान आहे. म्हातारीला चादर देऊ केली तर ती हसली. "चादर ठेवा. राख त्याची हाय, मी कोन देनारी? अन् आरशात पाहा, तुमीच महादेव दिसून राहिले."

तोंड धुण्याआधी मी पुन्हा आत गेलो. या वेळी काही मागितलं नाही, काही कबूलही केलं नाही. नुसता डोकं टेकून राहिलो. जन्मभर मी प्रत्येक गोष्ट भाव करून घेतली. ही मात्र मी गप्प बसलो तेव्हा मिळाली. त्या दिवसापासून देवाशी सौदा बंद आहे. नळी आता नवी टाकली आहे. फरशी कोरडी आहे. बाजार सुरू आहेत.

देवाचं देवापाशी. मिस्त्रीचं मात्र मी सोडणार नाही. मला त्याच्याकडून पैसे नकोत. त्यानं त्याच्या गॅरेजात, चार गिऱ्हाइकांसमोर, मला एवढंच सांगावं: ज्या बोल्टला तुझा पाना लागला नाही, त्याच्या आतलं पॅकिंग तू बदललंस कसं? आणि धडधाकट गिअरबॉक्स तू कोणासाठी भंगारात मागत होतास?