आब्दोनचा बैल

रोसेंदा पिलामुंगाचं गावात कोणाशी पटत नसे, आणि तिला ते पटवून घ्यायचंही नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांची एकटी बाई, बटाट्याच्या शेताचा एक तुकडा, तीन गाई आणि तिखट जीभ. पण ज्वालामुखीच्या या अंगाचा पहारा सोळा वर्षं तिच्याकडेच होता. वेधशाळेनं तिच्या कुरणात हादरे टिपणारं यंत्र पुरलं होतं; वर खांबावर अँटेना आणि सौर पत्रा. रोज संध्याकाळी पाचला खोऱ्यातले पहारेकरी वायरलेसवर आपापली खबर देत आणि घराघरांत लोक चुलीपाशी बसून ती ऐकत. राख कुठे पडणार हे अर्धा दिवस आधी कळलं की वरच्या कुरणातल्या गाई खाली आणता येत. राख माखलेलं गवत गाईच्या पोटात गेलं, की गाय हातची गेली. दोनदा तिच्यामुळे गावच्या गाई वाचल्या होत्या. आभार कोणी मानले नाहीत.

वैर जडलं ते शेजारच्या आब्दोनशी. तो तिच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणजे तिचा कोंपाद्रे, आणि ती त्याची कोमाद्रे. सख्ख्या भावासारखा मानायचा माणूस. एका संध्याकाळी वेधशाळेतल्या इंजिनियर बाईंनी विचारलं, "रोसेंदाबाई, दुपारपासून तुमच्याकडून सारखे हादरे येताहेत. भूकंप आहे का?"

"भूकंप कसला डोंबलाचा! माझ्या कोंपाद्रेचा बैल खांबाला अंग घासतोय. मालकाला खरारा करायला सवड नाही ना!"

अख्खं खोरं हसलं. दुसऱ्या दिवशी बाजारात बायका आब्दोनला 'भूकंप' म्हणून हाका मारू लागल्या. त्यानं ते मनात धरलं.

त्या वर्षी सत्तर दिवस पाऊस नव्हता. गावच्या सभेत आब्दोन उठला. "ढग येतात आणि हिच्या कुरणावरून परत फिरतात. का? ती अँटेना त्यांना हाकलते!"

"सोळा वर्षं अँटेना आहे, कोंपाद्रे, आणि सोळा वर्षं तू भिजतोयस. तेव्हा काय ढग आंधळे होते?"

"तू गप्प बस, कोमाद्रे! वेधशाळेची चमची!"

"चमची तर चमची. तुझ्या गाई कोणी वाचवल्या रे?"

तिचं कोण ऐकतंय! मंगळवारी सकाळी दहाला तीसेक माणसं फावडी घेऊन आली. रोसेंदा खांबाला पाठ लावून उभी राहिली, तर दोघींनी दंडाला धरून तिला बाजूला ओढलं. त्यातल्या एकीच्या गाईला तिनं गेल्या साली स्वतः खाली हाकून आणलं होतं. यंत्र उपटलं, अँटेना वाकवली. सौर पत्रा आब्दोननं नेऊन कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकला.

आणि चारच्या सुमाराला खरंच आभाळ काळं झालं. पहिले थेंब पडले तसे लोक बाहेर धावले. आब्दोननं हॅट काढून तोंड वर केलं आणि कुंपणापलीकडे ओरडला, "बघ कोमाद्रे, पाऊस!"

रोसेंदानं छपरावर राख मोजायला एक ताट ठेवलेलं असे. त्यात थेंब वाळूसारखे वाजत होते.

"राख आहे ही! गाई खाली आणा!"

"जळतेय मेली!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

थोड्याच वेळात त्यांच्या अंगावरच्या लोकरी पोंचोंवर करडा चिखल साचला. वरच्या कुरणाची वाट दिसेनाशी झाली.

पाचला रोसेंदाच्या घरातला वायरलेस खरखरला. आब्दोन तिच्या दारात उभा होता, पापण्यांपर्यंत राखेनं माखलेला. "कोमाद्रे, विचार ना, कधी थांबेल? माझ्या अकरा गाई वर आहेत."

तिनं विचारलं. इंजिनियर बाई म्हणाल्या, "कसं सांगू? तुमचं यंत्र दहापासून बंद आहे. त्या अंगाचं आम्हाला काहीच कळत नाही. बंद पडण्याआधी जबर हादरे आले होते. भूकंप होता का?"

आब्दोननं हॅट छातीशी धरली. "नाव नको घेऊस, कोमाद्रे. सगळं खोरं ऐकतंय."

रोसेंदानं त्याच्याकडे बघतच बटण दाबलं. "नाही बाई. माझ्या कोंपाद्रेचा बैल होता. या वेळी दोन पायांवर आला होता."

खोऱ्यात कोणी हसलं नाही. वरच्या कुरणातून गाईंचं हंबरणं ऐकू येत होतं. त्यात तिच्याही तीन होत्या.