सुभेदारांचा नवा ट्रिगर

नेम चुकला की सुभेदार रायफलीकडे बघायचेसुद्धा नाहीत. शेजारचा एखादा गडी काडतुसांना आणि वाऱ्याला शिव्या घालत असायचा. सुभेदार मात्र क्षणभर डोळे मिटायचे आणि स्वतःलाच बजावायचे, "घाई केलीत राव."

सैन्यात ते कधीच नव्हते. मूळचे मिरजेचे, गिअरबॉक्सवाले इंजिनियर. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या कारखान्यात आयुष्य गेलं. मिशा आणि ताठ पाठ यांमुळे आम्हा मराठी मंडळींत ते सुभेदार झाले. गावच्या शुत्सेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजी मंडळात, मला त्यांनीच नेलं. शनिवारी दुपारी कागदी निशाणांवर नेम धरायचा आणि नंतर बाकावर बसून केक खायचा, इतकीच आमची हौस.

नवे पार्ट्स पाहिले की माझ्या हाताला खाज सुटायची. ते म्हणायचे, "शनिवारच्या हौसेला हे कशाला? आहे ती रायफल अजून तुला पुरती कळली नाही."

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात त्यांनी आधी रायफलीला नवा, जड दस्ता बसवला, तेव्हा मला नवल वाटलं. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "अगदी हलका ट्रिगर घेऊ म्हणतोय. तुझं काय मत?"

"तुम्ही? तुम्हीच तर नको म्हणायचात!"

"हे बघ, माणूस मतं बदलतो," ते हसले, पण माझ्याकडे न बघता. त्या दिवसांत ते केकला थांबेनासे झाले होते.

ट्रिगर बसवला त्या शनिवारी ते कडेच्या लेनमध्ये होते. त्यांच्या शेजारी हिल्डाबाई, निवृत्त शिक्षिका, आणि पलीकडे काट्या नावाची नर्स. काट्या नुकतीच मंडळात आली होती. कागद परत आले तेव्हा हिल्डाबाईंच्या निशाणावर एक जादा भोक निघालं. देखरेखीवरच्या माणसाने विचारलं, "ही गोळी कोणाची?"

सगळ्यांच्या नजरा नवख्या काट्याकडे वळल्या. तिचा चेहरा लाल झाला. "माझीच असेल," ती पुटपुटली. तो माणूस तिला सुरक्षेचे नियम पहिल्यापासून समजावू लागला. ती मान खाली घालून सामान भरू लागली.

"ती माझी आहे," सुभेदार जर्मनमध्ये म्हणाले. "बोट नुसतं टेकलं आणि बार उडाला. माझा हात थरथरतो. बरेच महिने झाले. पार्ट बदलून मी ते झाकत होतो."

त्यांनी रायफल रिकामी करून टेबलावर ठेवली. परतताना गाडी मी चालवली. गाडीने नदी ओलांडली.

"हात थरथरतो त्याची लाज नाही रे," ते शेवटी म्हणाले. "ती पोरगी सामान भरत होती आणि मला सगळं ठाऊक असून मी तोंड उघडलं नव्हतं. त्याची लाज वाटते."

"चालायचंच" असं म्हणण्यासारखं ते नव्हतं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मिरजेला परतायचं ठरवलं. रायफल मंडळाला द्यायची होती. सुभेदार म्हणाले, "मूळचा ट्रिगर बसवून देतो. नवशिक्यांच्या हाती हा हलका नको." क्लबघरात टेबलाशी ते आणि मी बसलो. बारीक स्क्रू त्यांच्या बोटांत ठरेना. एकदा पडला, पुन्हा पडला. मी हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली.

काट्या बाकावरून उठून आली. त्या शनिवारनंतर सुभेदारांनी तिच्याशी बोलणंच टाळलं होतं. तिने जमिनीवरचा स्क्रू उचलला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्यांच्या शेजारी बसली.

"किती घट्ट करू?" तिने विचारलं.

सुभेदारांनी थरथरता हात टेबलावरून काढला नाही. "मी सांगतो तेव्हा थांब," ते म्हणाले आणि तिच्या डोळ्यांत बघितलं.