मागावरचं पिंजलेलं रेशीम

चिकलठाण्याचं ते प्रकरण आठवलं, की आजही माझी बोटं आपोआप आखडतात. फळ्यावर खडू करकरला किंवा भांड्यावर चमचा घासला, की शहारणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. त्यांना हसायचोही. या प्रकरणानंतर हसणं बंद झालं.

नव्या वसाहतीतल्या एका घरात पंचविशीतली सून जिन्यावरून पडून मेली, अशी खबर दुपारी साडेचारला माझ्या पोलीस ठाण्यात आली. तिचं माहेर पैठणचं. सासरी हातमाग लावून ती पैठणी विणायची. नवरा दोनला कारखान्यात ड्युटीवर गेलेला, गेटवर तशी नोंद. सासू म्हणाली, मी बाजारात होते. शेजारणीने जबाब दिला, "चार वाजेपर्यंत मागाची खटखट चालू व्हती, साहेब. म्या सोता ऐकली." म्हणजे नवरा गेल्यावर दोन तास ती धडधाकट होती. मी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आणि पुढच्या कामाला लागलो.

तेराव्यानंतर तिचे वडील मागावरची अर्धवट साडी न्यायला आले. तेही विणकर. साडी तशीच सोडून ते थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"साहेब, शेवटचं बोटभर काम माझ्या पोरीचं नाय."

"कशावरून?"

"हात लावून बघा."

मी गेलो. आधीचं कापड सायीसारखं मऊ, शेवटचं बोटभर पिंजलेलं. माझ्या नखाला धागा अडकला आणि दातांपर्यंत शिरशिरी गेली. म्हाताऱ्याने सांगितलं, त्यांच्या घरात मागावर बसण्याआधी बोटं गालावरून फिरवून बघतात. जरा खरखर लागली, तर त्या दिवशी रेशमाला शिवायचं नाही.

घरात आणखी एकच बाई होती. सासू कन्नड तालुक्याकडची, सारा जन्म कापूस वेचण्यात गेलेला. पंचांसमोर मी रेशमाची लड तिच्या तळहातावर ठेवली. भेगांत धागे अडकले. तिने हात झटकला.

"काढा ते. अंगावर काटा येतोय."

"मग दोन तास मागावर कशा बसलात, मावशी?"

ती भेगेत अडकलेला धागा नखाने उपसू लागली. "भांडणात पोरानं ढकललं तिला. त्याला म्हणलं, तू जाय ड्युटीवर. खटखट नसती आली, तर शेजारीण डोकावली असती."

"सून मरून पडली होती, आणि तुम्ही विणत होतात?"

"मेली नव्हती. कण्हत व्हती. म्हून तर जोरात ठोकत व्हते."

लिहून घेणारा हवालदार थांबला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. टिकलं ते मागावरच्या त्या बोटभर धाग्यांना लागलेलं, सासूच्या भेगांमधलं रक्त. खटखट सुनेची नव्हती हे ठरल्यावर नवऱ्याची गेटवरची नोंदही कामाची राहिली नाही. दोघांनाही शिक्षा झाली.

अंगावर काटा येणं हा नाजूकपणा आहे, असं मी समजत होतो. त्या बापाची बोटं शहारली नसती, तर माझी फाइल कायमची बंद झाली असती. शेजारणीने काय ऐकलं एवढंच मी विचारलं होतं. त्या आवाजाखाली काय दबलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

अटकेच्या दिवशी म्हाताऱ्याने एकच विचारलं, "लगेच गेली ना, साहेब?" मी हो म्हणालो. पुढे डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं, वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर वाचली असती. म्हातारा कोर्टात पुढच्याच बाकावर होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलल्याची मला लाज वाटत नाही. खरं काय ते त्याला भर कोर्टात, परक्या माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं, याची वाटते.